खासदाराची सर्जरी

गुरुवारी यूजीन मॅकगिनी निवडणुकीत पडले. तेहेतीस वर्षं खासदार, आणि पडले ते पार आपटलेच. सोमवारी सकाळी इंग्लंडात, स्लाऊजवळच्या ऑफिसात ते आणि त्यांची असिस्टंट वरदा खोकी भरत होते. फोन एकदाही वाजला नव्हता. यूजीनचं लक्ष मात्र फोनकडेच.

आठ वाजता एक मराठी आजी लंगडत आत आल्या. हातात गुडघ्याचा एक्स-रे.

"डॉक्टर हेच का गं?"

वरदाला हसू आवरेना. "नाही हो आजी. इकडे दवाखान्याला सर्जरी म्हणतात ना, तसं खासदार बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, त्यालापण सर्जरीच म्हणतात. पाटी काढायची राहिलीये."

"अगंबाई! जाते मग."

"काय म्हणतायत?" यूजीननी विचारलं.

वरदानं आजींना चार गोष्टी विचारून सांगितलं. लीलावती नाव. तीन आठवडे जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाहीये. मुलगा ब्रॅकनेलला कामावर, ह्यांना फोनवरचं इंग्लिश कळत नाही.

यूजीननी पटकन खुर्ची ओढली. "बसव त्यांना. मी लावतो फोन."

लाइनीत सतरावा नंबर. पूर्वी नुसतं नाव सांगितलं की थेट मॅनेजर यायचा.

"कुठले गं हे?" आजींनी विचारलं.

"आयर्लंडचे. सतराव्या वर्षी आले. विटा वाहिल्या, मग युनियन, मग पार्लमेंट. पहिल्यांदा एकसष्ट मतांनी आले निवडून."

"आणि घरी कोण?"

वरदानं बिचकतच विचारलं. यूजीन फोन कानाला धरूनच म्हणाले, "बायको, नूला होती. ती गेली तेव्हा मी सभागृहात मत द्यायला उभा होतो. दोन मतांनी जिंकलो आम्ही."

आजींनी पर्समधून खोबऱ्याची वडी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

नंबर लागला. रिसेप्शनिस्टनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

तेहेतीस वर्षं याला एकच उत्तर होतं. ते जिभेवर आलं, यूजीननी गिळलं.

"तसा... कोणी नाही."

"मग तुमच्याशी नाही बोलता येणार, सर."

वरदानं फोन काढूनच घेतला. "हॅलो, मी त्यांची नात बोलतेय!" एका मिनिटात बुधवारची वेळ मिळाली. आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला, यूजीनना नमस्कार केला आणि गेल्या.

"नात! धडधडीत खोटं," यूजीन म्हणाले.

"तुम्ही 'नात' म्हणाला असतात तर चाललं नसतं ना!"

दोघं हसले. वरदा परत खोक्यांना टेप लावायला लागली. बऱ्याच वेळानं यूजीन म्हणाले, "शेजारी म्हणायला हवं होतं मी."

टेपच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. "हं? काय म्हणालात?"

"काही नाही."