रुचिरसाठी घेतलेलं पिस्तूल

मी पिस्तूल बोलतोय. माणसं मारायचं नव्हे, छर्‍याचं. बाजूचा दांडा ओढून हवा दाबायची, शिशाचा बारीकसा छर्रा आत सरकवायचा आणि दहा मीटरवरच्या कागदाचा काळा गोल फोडायचा, एवढंच माझं काम. मला परवाना लागत नाही. घरात खेळण्यांच्या शेजारी ठेवलं तरी कुणाला वावगं वाटत नाही.

माझा जन्म जर्मनीतला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते मुंबईतलं फोर्टातलं दुकान, जिथे मी काचेखाली तीन वर्षं पडून होतो. १९९३ च्या मे महिन्यात तिथे महाडचे शरद वकील आले. बरोबर त्यांची दोन मुलं होती, तेरा वर्षांचा रुचिर आणि अकरा वर्षांची देवश्री.

वकील कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी करायचे. राज्याच्या संघात जायची संधी दोन गुणांनी हुकली होती. हे त्यांनी दुकानात शिरल्या शिरल्या सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

दुकानदार म्हातारे आणि शांत होते. त्यांनी हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडली. पहिलं पॉइंट टू टू, खर्‍या गोळीचं. "याला परवाना लागेल, अलिबागला कलेक्टर कचेरीत खेपा घालाव्या लागतील. आणि मुलांच्या हातात देऊ नये." दुसरं स्वस्त, पण जड. स्प्रिंग सुटली की हाताला हिसका द्यायचं. तिसरा मी.

"मेक आणि किंमत मागाहून बघू," ते म्हणाले. "आधी डोळे मिटून हात लांब करा. मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपोआप बसली, तर ते पिस्तूल त्या हाताचं."

रुचिरने मला उचललं. त्याच्या तळव्याला घाम होता. डोळे उघडले तेव्हा माझी माशी खाच सोडून पार डावीकडे गेली होती. मग दुकानदारांनी सहज म्हणून मला देवश्रीच्या हाती दिलं. तिने डोळे मिटले, हात लांब केला, डोळे उघडले आणि हसली. माशी खाचेत बरोबर मधोमध होती. माझी मूठ तिच्या तळव्यात अशी बसली होती, की पुन्हा काचेखाली जाऊ नये असं मला वाटलं.

"हे या मुलीच्या हाताचं आहे," दुकानदार म्हणाले. "मुलासाठी दुसरं बघू."

"ती नुसती सोबत आलीय," वकील म्हणाले. "हेच द्या. हाताचं काय, हात घडवता येतो."

महाडला आल्यावर त्यांनी कुशाबा सुताराला बोलावलं. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती. कुशाबाने रुचिरचा पंजा कागदावर आखून घेतला आणि त्या मापाने कानशीने मला खरवडलं. जिथे लाकूड कमी पडलं तिथे लांबीचा लगदा भरला. तो वाईट माणूस नव्हता. काम झाल्यावर हळूच म्हणाला, "चांगली वस्तू होती, वकील. उगाच बिघडवली." वकिलांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

घराच्या मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापासून फणसापर्यंत दहा मीटर मोजून झाले, फणसाला निशाण्याचं कार्ड लावायची फळी टांगली. रोज कोर्टातून आलं की वकील रुचिरला उभा करायचे. रुचिरचा हात थरथरायचा. छर्रा कागदाबाहेर गेला की शिक्षा ठरलेली होती. मला हातात धरून हात सरळ लांब करायचा आणि वकिलांचा चहा संपेपर्यंत तसंच उभं राहायचं. वकील चहा फार सावकाश प्यायचे. कधी कधी कप रिकामा झाल्यावरही तो ओठाला लावत राहायचे, हे मला दिसायचं. रुचिरलाही दिसत असणार.

दुपारी वकील कोर्टात आणि आई, विनोदिनीबाई, झोपलेल्या असल्या की देवश्री मला बाहेर काढायची. खरवडलेली मूठ तिला आता मोठी व्हायची. तिने आपलीच दोन बोटं दुमडून काहीतरी जमवून घेतलं. पहिल्या आठवड्यात शंभरपैकी सत्तर गुण, मग ऐंशी. वर्षभरात नव्वदच्या वर. छर्रा गोलात गेला की ती कार्डाजवळ धावत जायची आणि भोकात करंगळीचं नख घालून बघायची.

एकदा रुचिर तिला म्हणाला, "देवू, हे कार्ड मला दे ना. बाबांना दाखवतो." तिने दिलं. त्या संध्याकाळी वकिलांनी रुचिरच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर ती रोज त्याच्यासाठी कार्डं करायला लागली. तो समोर चुकला की वकील म्हणायचे, "माझ्यासमोर घाबरतोस, एकटा असलास की छान मारतोस," आणि शिक्षा व्हायची नाही.

१९९५ च्या सुरुवातीला वकिलांनी त्याला पुण्याच्या स्पर्धेत उतरवलं. साठ छर्‍यांपैकी एकवीस कागदालाच लागले नाहीत. शेजारच्या मुलाच्या कार्डावर रुचिरचा एक छर्रा जाऊन बसला तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं. परत येताना वरंधा घाट उतरून एसटी महाडच्या डेपोत लागेपर्यंत वकील गुणांचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून बघत होते. घरी आल्यावर रुचिरने स्वतःच सांगितलं.

"ती कार्डं देवूची होती, बाबा."

वकिलांनी मला देवश्रीच्या हातात दिलं आणि दहा छर्रे मारायला लावले. त्र्याण्णव झाले. ते कार्ड त्यांनी बराच वेळ उजेडात धरलं. मला वाटलं, आता ते तिला शाबासकी देतील.

"माझा नेम गेला तो मुलीच्या हातात," ते म्हणाले. मग रुचिरकडे वळले. "हिच्या नेमावर तुझा फार भरवसा होता ना? घे ती फळी. कार्ड लाव आणि छातीसमोर धरून उभा राहा."

देवश्री रडायला लागली. "मी नाही मारणार, बाबा."

"मग मी मारतो. वीस वर्षांत हातात धरलेलं नाही, पण बघू."

त्यांनी मला तिच्या हातून काढून घेतलं. त्यांचा हात मला कळला. उसना जोर, सैल मनगट. देवश्रीलाही ते कळलं असावं. तिने डोळे पुसले आणि माझ्यासाठी हात पुढे केला.

दहाच्या दहा छर्रे काळ्या गोलात गेले. फळीमागे रुचिरची चड्डी ओली झाली होती. वकील मात्र मोठ्याने हसले. खूप दिवसांनी त्यांच्या मनासारखं काही घडलं होतं.

शिक्षा म्हणून जे झालं, त्याची पुढे करमणूक झाली. रविवारी दुपारी घरी कुणी आलं की वकील म्हणायचे, "आमच्या मुलांची गंमत बघायचीय?" रुचिर फळी घेऊन उभा राहायचा, देवश्री मारायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी खोटं बोलणार नाही. त्या रविवारी मला आनंद व्हायचा. तिच्या हातातून मी कधी चुकलो नाही, आणि फळीमागे काय आहे याचा विचार मी करत नव्हतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दोन वेगवेगळे पाहुणे आले. एकांनी वीस छर्रे बघितले, दुसर्‍यांनी आणखी वीस. पाहुणे गेले, पण वकिलांचा उत्साह उतरला नव्हता. ओटीवर कापडे गावचा हैबती बसला होता. त्याच्या भाताच्या खाचराचा दावा वकिलांकडे होता. त्यालाही त्यांनी अंगणात बोलावलं.

"हात भरून आलाय, बाबा," देवश्री म्हणाली.

"एकच. हैबतीने कुठे बघितलंय."

"नको वकील," हैबती म्हणाला. "पोराला नका उभा करू. मला नाय बघायचा."

"मार," वकील म्हणाले.

तिचा दंड कापत होता. तो कंप माझ्या नळीपर्यंत आला. छर्रा फळीच्या काठावरच्या खिळ्यावर आपटला आणि वर उडाला. रुचिरने दोन्ही हात डाव्या डोळ्यावर घट्ट दाबले आणि खाली बसला. तो ओरडलाही नाही. ओरडायची सवय त्याची आधीच मोडलेली होती.

वकील जीप आणायला धावले. हैबती रुचिरला धरून बसला. मी धुण्याच्या दगडावर पडलो होतो आणि शेजारी देवश्री उभी होती. विनोदिनीबाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलेलं होतं.

"देवू, ऐक. डॉक्टर विचारतील, पोलीस विचारतील. बाबांनी सांगितलं म्हटलंस तर त्यांची वकिली जाईल. तू लहान आहेस. तुला कुणी काही करणार नाही. खेळता खेळता लागलं म्हण. तूच काढलंस कपाटातून म्हण."

"पण आई, मी..."

"म्हणशील ना?"

तिने होकारार्थी मान हलवली. हैबतीने ते ऐकलं आणि मान खाली घातली. त्याच्या दाव्याची तारीख पुढच्याच आठवड्यात होती.

डोळा गेला. विचारलं त्यांना देवश्रीने आईने शिकवलं तेच सांगितलं. मला फडक्यात गुंडाळून वकिलांच्या ऑफिसच्या खोलीत, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं. पुढची अकरा वर्षं मी तिथूनच ऐकली.

वकील बदलले. रुचिरला ते स्वतःच्या हाताने भरवायला लागले, त्याच्यावर आवाज चढवणं सोडलं, काचेचा डोळा बसवायला मुंबईला घेऊन गेले. रुचिर वकील झाला आणि त्याच खोलीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागला. आलेल्या पक्षकारांना वकील सांगायचे, "बहिणीने लहानपणी डोळा घालवला. पण पोरगा हरला नाही." पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज अडखळला. पुढे अडखळायचा बंद झाला. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

रुचिरला सगळं आठवत होतं. पण ज्या बापाचा हात पाठीवर पडावा म्हणून त्याने बहिणीची कार्डं मागितली होती, तो हात आता रोज पडत होता. तो गप्प राहिला.

देवश्रीला बालवाडीत नोकरी लागली आणि महिनाभरात सुटली. दोन आयांनी तक्रार केली होती, आमची पोरं तिच्या हाती नकोत. नातेवाईक लग्नकार्यात तिच्या हातातली विळी काढून घ्यायचे आणि हसायचे. २००५ च्या पुरात सावित्री नदीचं पाणी ऑफिसात शिरलं, कपाट आडवं झालं. चिखलातून मला तिनेच उचललं, पुसलं आणि पुन्हा वर ठेवलं. तिने मला उगाच गोंजारलं वगैरे नाही.

पुढच्या वर्षी पोलादपूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. बघण्याचा कार्यक्रम ऑफिसातच झाला. मुलाला देवश्री आवडली होती, ते त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. मग त्याच्या आईने रुचिरकडे बघत विचारलं, "म्हणजे ती हीच का मुलगी?"

देवश्रीने भावाकडे बघितलं. आजवर तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

रुचिरने चहाचा कप खाली ठेवला. "लहान होती तेव्हा," तो म्हणाला. "आम्ही माफ केलंय तिला."

पाहुणे पोहे संपवून उठले. दुसर्‍या दिवशी पोलादपूरहून नकार आला.

नकाराच्या दुसर्‍या सकाळी देवश्रीने मला कापडी पिशवीत घातलं आणि पोलीस ठाण्यात नेलं. भिकाजी हवालदारांच्या टेबलावर मला ठेवून ती म्हणाली, "लिहून घ्या. माझ्या भावाचा डोळा माझ्या हातून गेला. पण मला मारायला बाबांनी लावलं. मी नको म्हटलं होतं."

हवालदारांनी मला उलटंसुलटं करून बघितलं. "याला तर लायसन पण लागत नाय. कधीची गोष्ट ही?"

"पंच्याण्णवची."

"अकरा वर्षां झाली बाई. कोण होता तिथे?"

"कापड्याचे हैबती होते."

"तो तर मागल्या पावसात वारला." त्यांनी पेन उघडलं होतं, ते पुन्हा बंद केलं. ते कठोर माणूस नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, आणि फोन उचलून रुचिर वकिलांना बोलावून घेतलं.

रुचिर लगेच आला. काळा कोट अंगात होता, कोर्टातूनच निघाला असावा.

"ही म्हणते ते खरं काय, साहेब?" हवालदारांनी विचारलं.

रुचिरने माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं नाही.

"काल तिचं लग्न मोडलंय," तो म्हणाला. "मनाला लावून घेतलंय. काही लिहू नका. मी घरी नेतो."

देवश्री उठली, पदर सारखा केला आणि त्याच्या मागून बाहेर गेली.

मला न्यायचं दोघांनाही सुचलं नाही. माझी कुठे नोंद नाही, माझ्यावर मुद्देमालाचा नंबर नाही. ठाण्यातल्या एका लोखंडी कपाटात जुन्या टोप्यांखाली मी आहे. नळी गंजली आहे, मुठीतली लांबी गळून पडली आहे. मला दुरुस्त करा, बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. मी तिथे होतो, आणि त्या दिवशी टेबलावर तिने जे सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. तेवढं तुम्ही लिहून घ्या.