माळ न तोडणारी डॉक्टरीण

वीसेक वर्षांआधीची गोष्ट. उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाले असलेल्या महागूची बायको, शीला, दिवसेंदिवस वाळून राह्यली होती. डोळे पिवळे, म्हणून वैदूनं गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ आपोआप लांबत पायापर्यंत आली की कावीळ उतरली, असं सारे मानत. पण ही माळ काही बेंबीखाली सरकेना.

बालाघाटच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. "साधी कावीळ नाही, हेपेटायटिस सी आहे. बाळंतपणात रक्त चढवलं होतं म्हणता, त्यातून आला असंल," म्हणाला, अन् माळ तोडायले कैची मागवली. शीला उठून चालती झाली. गोंदियाच्या डॉक्टरकडंही तेच झालं.

"अवं, मरशीन ना!" बसमधी महागू खेकसला.

"मरीन तं माळ घालून मरीन. डॉक्टर लोक माळच पाह्यते, मले कोण पाह्यते?"

मग महागूनं तिले नागपूरच्या लिव्हरच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. "पदर ओढून घे," तो दारातच कुजबुजला. पण पोट तपासताना बाईले माळ दिसलीच. महागू उठायच्या तयारीतच होता.

बाईनं माळ हलकेच बाजूला केली. "गळ्यात आहे, राहू द्या. पोटात मात्र झाडपाल्याचा काढा नको." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "वर्षभर सुया घ्याव्या लागतील. ताप येईल, केस गळतील. निम्म्याच लोकांना गुण येतो. तुम्हाला येईल की नाही, मला आज सांगता येत नाही."

महागू बोटावर महिने मोजू लागला. शीला मात्र बाईच्या तोंडाकडं एकटक पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "ह्या सुया घरी, उकव्याले नेता येतीन काय?"