अर्डिसचा क्लच

चढावर इंजिन नुसतं बोंबलत होतं, मोटरसायकल पुढे सरकायला तयार नव्हती. अर्डिसनं मूठ आणखी पिळली. आवाज वाढला, वेग तेवढाच. ती तशीच वळली आणि उतारानं थेट घरच्या गॅरेजात आली.

"मर्ल, तुझा नवा क्लच घसरतोय," हेल्मेट काढता काढता ती नवऱ्याला म्हणाली.

"नवा आहे, रुळेल हळूहळू."

"रुळायला तो काय जावई आहे?"

अर्डिस त्रेसष्ट वर्षांची. मिनेसोटातल्या त्या नदीकाठच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं पोरांना जेवू घातलं, आणि तेवढीच वर्षं या गाडीचा एकही नट दुसऱ्या कुणाला फिरवू दिला नाही. या खेपेला मात्र क्लच मीच बदलणार म्हणून मर्ल हट्टालाच पेटला. तिनंही फारशी खळखळ केली नाही. डाव्या हाताची बोटं हल्ली आखडायची, पण ते कुणाला सांगावं असं तिला वाटत नव्हतं. बोटं गेली म्हणजे गाडी गेली. आता टोस्टरही धड न जमणाऱ्या माणसानं क्लच बदलला म्हटल्यावर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे शोधायला तिला मोठी गंमत वाटत होती.

आधी तिनं केबल पाहिली. हवी तेवढी ढील होती. तेलाचा डबा पाहिला. मोटारीचं तेल मोटरसायकलमध्ये ओतायची नेहमीची चूकही त्यानं केली नव्हती. मग तेल काढून क्लचचं झाकण उघडलं. प्लेटांचा क्रम बरोबर, बसवण्याआधी तेलात भिजवलेल्यासुद्धा.

"शहाण्यासारखं केलंयस की रे," ती जराशी हिरमुसून म्हणाली. मर्ल दारातच घुटमळत होता.

राहिल्या प्लेटा घट्ट दाबून धरणाऱ्या पाच स्प्रिंगा. जुन्या त्यानं मफिनच्या साच्यात जपून ठेवल्या होत्या. तिनं एक जुनी, एक नवी शेजारी उभी केली. उंची सारखीच. अंगठ्यानं दाबली तर नवी सहज दबली. तिची तार बारीक होती.

"या मऊ चुकून मागवल्यास?"

मर्लनं नकारार्थी मान हलवली. "हिवाळ्यापासून तू कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतेस. म्हटलं, क्लच हलका झाला तर आणखी चार वर्षं चालवशील. घसरेल हे मला काय ठाऊक."

अर्डिसला आधी राग आला, मग लाज वाटली. इतके महिने तिची समजूत होती की कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

"असली गाडी भर रस्त्यात कुणाचा तरी जीव घेईल," ती म्हणाली आणि जुन्या स्प्रिंगा एकेक करून परत बसवू लागली. शेवटचा बोल्ट काही केल्या आवळेना, तेव्हा तिनं पाना मर्लच्या हातात दिला.

झाकण लागलं, नवं तेल पडलं. तिनं क्लचची दांडी ओढली. बोटं अर्ध्यावर थांबली. पुन्हा ओढली, पुन्हा तिथंच. मर्ल उगाच फडक्यानं हात पुसत राहिला.

संध्याकाळी गाडी निघाली ती मर्लच्या हाती. अर्डिस आयुष्यात पहिल्यांदा मागे बसली होती. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. मग तिनं ते त्याच्या जाकिटाच्या खिशांत घातले.

"आता तिसरा गिअर टाक," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

त्यानं टाकला.