उत्तर आधी, गणित नंतर

त्या गुरुवारी मारुतरावांच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग फाटकापर्यंत आला होता. गुरुवारी आमच्या भागातल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी असते. आत सतरंज्यांवर तीनेकशे पोरं-पोरी बसली होती. वीस ते पंचवीस वयाची, निम्म्यांच्या अंगात कंपनीचेच शर्ट. कुणी आयटीआय केलेलं, कुणी ट्रेनी म्हणून लागलेलं, कुणी कंपनीच्या लेखी परीक्षेत तीनदा नापास झालेलं. त्या परीक्षेत विचारतात काय, तर पाऊण तासात किती नग होतील आणि शेकडा किती खराब निघाले. पाचवी-सहावीचं गणित. तिथंच ही पोरं अडतात आणि घरी सांगताना म्हणतात, पेपर इंग्रजीत होता.

व्यासपीठावर पांढरा फळा होता आणि फळ्यापुढे अंकनाथ महाराज. भगवी कफनी, मनगटात तांब्याचं कडं, कानाला अडकवलेला माइक.

"बाळांनो, तुम्हाला बेरीज येत नाही हा तुमचा दोष नाही," महाराज म्हणाले. "तुमची अंकनाडी झोपलेली आहे. एक म्हणजे ब्रह्म. दोन म्हणजे माया. तीन म्हणजे त्रिगुण." चार म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी आठवलं नसावं. ते थेट नऊवर गेले. "आणि नऊ म्हणजे पूर्णत्व. नवग्रह, नवरात्र, नवनाथ. इथं कुणी नवनाथ आहे का?"

तिसऱ्या ओळीतून एक हात वर आला. तो माझ्या विद्यार्थ्याचा होता.

कुरुळीच्या शाळेत मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता सांगवीत राहते. नवनाथ बीडकडून आलेल्या कुटुंबातला. वडील लवकर गेले, आई सुभद्राबाई एका कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. त्या दिवशी मी आले ती त्याच्याच आग्रहावरून. फोनवर म्हणाला होता, "मॅडम, तुमी याच. तुमच्याच विषयाचे महाराज हायेत."

महाराजांनी त्याला मनात येईल तो चार आकडी अंक सांगायला लावला. नवनाथ म्हणाला, "चार हजार सातशे अडतीस." महाराजांनी तो फळ्यावर लिहिला, डोळे मिटले, एका कागदावर काहीतरी खरडलं, घडी करून कागद मारुतरावांच्या खिशात ठेवला. म्हणाले, "उत्तर आधी, गणित नंतर. देवाचं असंच असतं."

मग एका मुलीने ३१५२ सांगितला. त्याखाली महाराजांनी आपला अंक लिहिला, ६८४७. एका पोराने ८०६१ दिला. त्याखाली पुन्हा महाराजांचा, १९३८. पाच अंकांची बेरीज करायला एकाला वर बोलावलं. त्याने फळ्याकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनीच मोबाइल काढले होते. उत्तर आलं २४७३६. मारुतरावांनी कागद उघडला. २४७३६.

सभागृह उठून उभं राहिलं. पोरी रडत होत्या. महाराजांनी हात वर केला. "हे तुम्हालाही येईल. कडं घाला. आणि एक नियम पाळा. हिशेबाला कागद-पेन घ्यायचं नाही, बोटं मोजायची नाहीत. डोळे मिटायचे. जो आकडा पहिला उमटेल तो देवाचा. दुसरा आकडा शंकेचा."

नवनाथ कडं घालून माझ्याकडे आला. त्याची बहीण पूनम सोबत होती, एकोणीस वर्षांची, तिच्याही हातात कडं. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पाचवीत हा पोरगा बाकाखाली हात लपवून बोटं मोजायचा. वर्गात एकसष्ट मुलं होती. हातच्याची वजाबाकी त्याला समजली नाही हे मला माहीत होतं. शेजाऱ्याची उत्तरं उतरवायचा, हेही माहीत होतं. मी बरोबरची खूण करत गेले आणि तो वरच्या वर्गात जात राहिला.

"मॅडम, आता डोकं हलकं झालं बघा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "छान."

घरी जाऊन मी ते पाच अंक कागदावर मांडले. संध्याकाळचा चहा निवायच्या आत सगळं उलगडलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. वाटलं, आनंदात आहे पोरगं, भेटेल तेव्हा सांगू.

अकराव्या दिवशी पूनमचा फोन आला.

नवनाथ चाकणच्या एका कारखान्यात लोखंडी प्लेटा क्रेनला लावायच्या कामावर होता. प्लेटांची चळत रचायची, तिला पट्टा बांधायचा, खूण करायची, क्रेन उचलते. पट्ट्यावर लिहिलेलं असतं, दोन टन. म्हणजे दोन हजार किलो, त्यावर नाही. कडं घालण्याआधी नवनाथ हे काम पुठ्ठ्यावर करायचा. एका प्लेटचं वजन लिहायचं, त्यात परत तेच मिळवायचं, दर प्लेटला एक रेघ ओढायची. दोन हजारांच्या जवळ आलं की थांबायचं. फार हळू. सुपरवायझर त्याला विचारायचा, पंचांग काढतोस का? पण दीड वर्षात त्याची एक चळत चुकली नव्हती.

कडं घातल्यावर त्याने पुठ्ठा ठेवून दिला. त्या सकाळी नव्या मापाच्या प्लेटा आल्या होत्या, एकेक दोनशे चाळीस किलोची. त्याने डोळे मिटले. चौदा उमटले. त्याने चौदा लावल्या. पट्टा जुना होता, कडेला चिरला होता आणि तो बदलायला हवा होता, ती चूक त्याची नव्हती. पण भार बेताचा असता तर कदाचित टिकलाही असता. चळत डोक्याइतक्या उंचीवर गेली आणि पट्टा तुटला. नवनाथ मागे सरला, डावा पाय चळतीखाली सापडला.

मी पिंपरीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ऑपरेशन झालं होतं. पाय घोट्याच्या वर कापावा लागला होता. सुभद्राबाई बाकावर बसली होती. मांडीवर मुलाचं कडं, नर्सने कापून काढलेलं.

"महाराजांची माणसं येऊन गेली," ती मला म्हणाली. "म्हनले, त्याच्या मनात शंका आली असंल. दुसरा आकडा घेतला असंल त्यानं."

पूनम भिंतीला टेकून उभी होती. हातातलं कडं ती सारखं फिरवत होती. "मॅडम, खरंच शंका घेतली असेल का त्याने?"

मी पर्समधून कागद काढला आणि ते पाच अंक एकाखाली एक लिहिले. ४७३८, ३१५२, ६८४७, ८०६१, १९३८. पहिल्यावर बोट ठेवून तो झाकला.

"पहिला सोड. दुसरा मुलीने सांगितला, तिसरा महाराजांनी लिहिला. तीन आणि सहा किती?"

तिने ओढणीखाली बोटं मोजली. "नऊ."

"बोटं वर घेऊन मोज. चालतं. एक आणि आठ?"

"नऊ."

"पाच आणि चार? दोन आणि सात?"

"नऊ. नऊच." ती माझ्याशेजारी बसली. खालच्या दोन अंकांवर न सांगता बोट फिरवलं. आठ आणि एक, शून्य आणि नऊ, सहा आणि तीन, एक आणि आठ. "सगळे नऊ हायेत."

"तुम्ही जो अंक द्याल, त्याला नऊ व्हायला जेवढे कमी तेवढे महाराज लिहितात. दोघांचे मिळून नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. म्हणजे दहा हजाराला एक कमी. अशा दोन जोड्या. म्हणजे?"

तिने माझं पेन घेऊन दहा हजार दोनदा लिहिले. मी उत्तर दिलं नाही. एकवीस वर्षांत मी इतकी थांबायला शिकले नव्हते.

"वीस हजाराला दोन कमी," ती म्हणाली.

"म्हणून पहिला अंक कळला की उत्तर कळलं. त्याच्या डावीकडे दोन लिहायचा आणि शेवटी दोन कमी करायचे. चार हजार सातशे अडतीसचे चोवीस हजार सातशे छत्तीस."

पूनम कागदाकडे बघत राहिली. "हे मलाही येईल की."

"आलंच आहे."

मग तिने मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "त्याच संध्याकाळी," मी म्हणाले.

"मग तुमी सांगितलं का नाही?"

सुभद्राबाईही माझ्याकडे बघत होती. पूनमने कडं काढून पिशवीत टाकलं, कागद घेतला आणि आईला पाणी आणायला निघून गेली.

पुढच्या गुरुवारी महाराजांचा पुन्हा कार्यक्रम होता. गर्दी तेवढीच. नवनाथची बातमी सगळ्यांना होती आणि त्याने शंका घेतली हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पूनम पुढच्या ओळीत बसली होती. मी तिच्यामागे. तिने मला यायला सांगितलं नव्हतं, नको म्हणूनही सांगितलं नव्हतं.

एका पोराने ६२०५ सांगितला. महाराजांनी कागदावर लिहिलं, कागद मारुतरावांच्या खिशात गेला. दुसऱ्याने ७४१९ दिला. महाराजांनी पेन उचललं, तशी पूनम उभी राहिली.

"महाराज, थांबा. पुढचा आकडाही आमच्यातलाच कुणीतरी देईल."

"बाळ, तो अंक देवाने सांगायचा असतो."

"उत्तर देवाने आधीच लिहिलंय ना? मग आकडा कुणी का देईना, बेरीज तीच यायला पाहिजे."

स्वयंसेवक तिला बसवायला आले. मारुतराव खुर्चीवरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पोरगी वावगं न्हाई बोलत. महाराज, घ्या की तिचा आकडा."

महाराज हसले. "या भगिनीच्या मनात शंकेचा भागाकार चालला आहे. अशा स्पंदनात अंकदेवता बोलत नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मग मी सांगते कागदावर काय आहे," पूनम म्हणाली. ती वर गेली. माइक तिच्याकडे नव्हता, म्हणून सभागृहाला गप्प व्हावं लागलं. फळ्यावर तिने सावकाश लिहिलं, २६२०३.

मारुतरावांनी कागद उघडला, लांब धरून एकेक आकडा वाचला. "दोन. सहा. दोन. शून्य. तीन." मग कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला. "व्हय, त्येच हाय."

पूनमने नऊच्या जोड्या मांडून दाखवल्या. सगळ्यांसमोर बोटं मोजली. एकदा चुकली, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी म्हणाली, "माझ्या भावानं शंका घेतली नव्हती. घेतली असती तर पाय राहिला असता." आणि खाली उतरली.

महाराज मागच्या दाराने गेले. दहा-बारा कडी फळ्याखाली पडली होती. बाकीची हातातच राहिली. जाताना एक मुलगा मित्राला सांगत होता, हिला जमलं म्हणजे हिचीच नाडी जागी झाली. पूनमने पोलिसांत अर्ज दिला आहे. महाराजांचे फलक आता दुसऱ्या गावात लागल्याचं ऐकते.

महिन्याने मी त्यांच्या खोलीवर गेले. नवनाथ कॉटवर बसून होता. मी माफी मागितली, पाचवीची आणि त्या संध्याकाळची. तो म्हणाला, "मॅडम, किती लावायला पायजे होत्या?"

मी सांगितलं नाही. पूनमने वही दिली. त्याने दोनशे चाळीस लिहिले, खाली पुन्हा दोनशे चाळीस. मिळवत गेला, रेघा ओढत गेला. एकोणीसशे वीसपाशी थांबला, पुढची एक मिळवून पाहिली, ती खोडली. रेघा मोजल्या.

"आठ," तो म्हणाला. वही मिटून त्याने उशीशेजारी ठेवली. "येत होतं की मला."

सुभद्राबाई आत चुलीपाशी तोंड फिरवून उभी होती.

आता गुरुवारी सकाळी मारुतराव कार्यालयाची एक खोली देतात. मी गणित शिकवते, पूनम मदत करते. नवनाथ येत नाही. पहिल्या दिवशी तेवीस जण आले. त्यातला एक, चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, आत आल्यावर म्हणाला, "मॅडम, दार लावता का? वजाबाकी शिकायला आलोय, ओळखीचं कुणी बघायला नको."

मी दार लावलं. पण हे लिहिते आहे ते त्या दारामुळेच. तुमच्या घरात, वर्गात, खात्यात असं एखादं पोरगं असेल तर त्याला हसू नका आणि माझ्यासारखं न बघता पुढेही ढकलू नका. बोटं मोजू द्या, रेघा ओढू द्या, वेळ लागू द्या. आणि तुम्ही स्वतः ते पोरगं असाल, तर जो उत्तर आधी सांगतो त्याला म्हणा, करून दाखव. जो म्हणेल कागद घेऊ नकोस, त्याच्यासमोरच कागद घ्या.