चिंचेच्या घरचा हुबळीकर

नागपंचमी तोंडावर आली होती आणि धारवाडात आमच्या मळमड्डीच्या गल्लीत झोका बांधायला जागा नव्हती. म्हणजे जागा होती. कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणात चिंचेचं मोठं झाड होतं आणि दर वर्षी झोका तिथेच लागायचा. पण त्या उन्हाळ्यात, १९७८ साली, ते घर भीमसेन नावाच्या गृहस्थांनी भाड्याने घेतलं. त्यांचा हुबळीत गोकुळ रोडवर लेथ मशीनचा छोटा कारखाना. सकाळी स्कूटरवरून जायचे, दिवेलागणीला परतायचे.

संध्याकाळी गल्लीतली मुलं माझ्या कट्ट्यावर गणितं सोडवायला येत. त्या दिवशी लीलाचं गणितात लक्ष नव्हतं. तिची अक्का विमल वैशाखात लग्न होऊन कलघटगीला गेली होती आणि पहिल्या पंचमीला माहेरी यायची होती. आमच्याकडे माहेरवाशीण झोक्यावर बसल्याशिवाय पंचमी झाली असं कोणी म्हणत नाही.

"मग भीमसेन अण्णांना विचार की," मी म्हणालो.

"ते नाहीच म्हणतील, आज्जा. हुबळीचे आहेत."

"हुबळीच्या माणसांचं काय?"

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. हुबळीकर फुकट सावलीसुद्धा देत नाही. हुबळीकर रागीट. हुबळीकराला मुलं आवडत नाहीत.

मला कुतूहल वाटलं. "ज्यांनी हे स्वतः पाहिलंय त्यांनी माझ्याजवळ बसा. ज्यांनी ऐकलंय ते तिकडे."

सगळा कट्टा तिकडे सरकला. गोदावरीने लीलाकडून ऐकलं होतं, लीलाने शंकरकडून, शंकरने कृष्णाकडून. माझ्याजवळ एकटा कृष्णा उरला.

"मी पाहिलंय," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच्या झोक्याचा दोर फांदीला लोंबत होता. त्यांनी झाडावर चढून कापून टाकला. रागाने."

"कापला, ते दिसलं. राग कुठे दिसला?"

"तोंडावर. दात आवळले होते."

"दातांत काही होतं का?"

कृष्णा पुटपुटला, "विळा."

मी त्याच्या हातात माझी लाकडी पट्टी दिली. "ही दातांत धर आणि प्रेमाने बघ आमच्याकडे."

त्याने मनापासून प्रयत्न केला. भुवया वर गेल्या, नाकपुड्या फुगल्या.

"अय्यो, कृष्ण्या, तू तर पक्का हुबळीकर," शंकर म्हणाला, आणि सगळे हसत सुटले. लीला मात्र हसली नाही.

"म्हणजे ते रागावले नव्हते?"

"कुणास ठाऊक. विचारल्याशिवाय कसं कळणार?"

दिवेलागणीला स्कूटरचा आवाज आला तशी ती उठली. मी फाटकापर्यंत सोबत गेलो. बोलायचं मात्र तिलाच होतं.

"अण्णा, पंचमीला तुमच्या चिंचेला झोका बांधू? माझी अक्का येणार आहे."

भीमसेनांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि धाकट्या बहिणीला मारावी तशी कानडी हाक मारली, "बा तंगी, आत ये. आज्जा, तुम्हीही या. की धारवाडकरांसारखं 'आमचा चहा झालाय' म्हणून दारातूनच परत?"

"धारवाडकर असे असतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळी हुबळी सांगते."

"तुम्ही पाहिलंय?"

"उन्हाळ्यापासून इथे राहतोय. आजवर कोणी या फाटकाच्या आत आलंय का, सांगा."

मी फाटक लोटून आत पाऊल टाकलं. लीलाने आत येता येताच विचारलं, "तुम्ही आमचा दोर का कापलात?"

"कुजला होता. कोणी लोंबकळलं असतं तर हातपाय मोडले असते. नवा आणणार होतो, पण विचारायलाच कोणी येईना. वाटलं, परक्याचं अंगण नको असेल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून मशीन उचलायचा जाड दोर आणला आणि स्वतः वर चढून बांधला. पंचमीला विमल झोक्यावर बसली, मागे लीला उभी राहिली, आणि झोका एवढा वर गेला की खालून त्यांची आई "पुरे गं, पुरे" म्हणत राहिली.

भीमसेन माझ्या शेजारी उभे होते. "ही लीला धारवाडची वाटत नाही हं," ते म्हणाले. "धीट आहे. हुबळीत शोभेल."

मी उत्तर देणार तेवढ्यात कृष्णाने मला बाजूला ओढलं. "आज्जा, अण्णा खरे हुबळीचे नसणार. त्यांची आई नक्की धारवाडची असेल."

समजूत किती चिवट असते. आवडलेल्या माणसाला अपवाद म्हणून मागच्या दाराने सोडून देते आणि स्वतः घरात तशीच बसून राहते. तिला उठवायचं तर उपदेशाचा काही उपयोग नसतो.

"त्यांनाच विचार," मी म्हणालो.

या वेळी तो सरळ गेला. "अण्णा, तुमची आई धारवाडची का?"

"नाही रे. जन्म हुबळीतला. अजून तिथेच आहे."

कृष्णाचा पुढचा प्रश्न तयार होता. "मग गोकुळ रोडवर सगळे तुमच्यासारखेच असतात?"

"छे. काही माझ्याहून चांगले, काही अगदी वैताग. येऊन बघ एकदा."

"शनिवारी सकाळची शाळा असते," कृष्णा म्हणाला. "दुपारी येऊ?"