रांगेपुरती मावशी

शनिवारी संध्याकाळी त्या उपनगरात घरी जेवणारा माणूस एक तर आजारी असायचा, नाहीतर बायकोशी भांडलेला. बाकी सगळे पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर. तिथे ओळीनं पाच-सहा हॉटेलं होती. मोठी नव्हेत. कुणाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, कुणाचं जुनं गॅरेज, आणि पुढे फुटपाथवर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकाकडे सूप चांगलं, दुसऱ्याकडे मासे, तिसऱ्याकडे काहीच चांगलं नाही, पण मुलांना फुगे मिळतात म्हणून तिथेही झुंबड. आठवडाभर माश्या मारत बसणारी ही हॉटेलं शनिवारी असा भाव खायची की विचारू नका. दारात कुणीतरी नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन उभं, आणि समोर निम्मं उपनगर पोटात कावळे ओरडत असताना ताटकळत.

छोट्याला या रांगेचा मनापासून तिटकारा. छोट्या म्हणजे काही लहान नव्हे. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवणारा, आता स्वतःलाच चाळिशी लागलेला गृहस्थ. पण मावशीनं लहानपणी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलं. दुकानात गिऱ्हाइकांना "जरा बसा, झालंच" म्हणत तासभर बसवून ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र दहा मिनिटं उभं राहवायचं नाही.

मावशी त्याच्या आईची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. जन्मभर तिनं कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनचं काम केलं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट कमरेत सैल कर. मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. छोट्याची आई आजारी होती तेव्हा तो हिच्याकडेच राहिला होता आणि हिच्या शिलाई मशीनच्या खडखडाटातच पाढे पाठ करायला शिकला होता. मागच्या वर्षी मावशी जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तिच्या हातात काठी आली.

तिला पहिल्यांदा जेवायला नेलं ते निव्वळ योगायोगानं. ती चष्म्याची सैल झालेली दांडी दाखवायला घरी आली होती आणि हे तिघं, छोट्या, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी, बाहेर पडायच्या बेतात. आता काठी टेकत आलेल्या बाईला दारातून परत कसं पाठवायचं? बायको म्हणाली, "मावशी, तुम्हीपण चला ना." मासेवाल्याकडे तोबा गर्दी. दारावर त्याची मेहुणी, तोंडानं फटकळ. तिनं काठी पाहिली आणि गर्दीवरच ओरडली, "अहो, सरका जरा! आजींना वाट द्या. चालायचा त्रास असलेल्या माणसाला आम्ही बाहेर उभं करत नाही." बघता बघता चौघं आत, तेही खिडकीजवळच्या टेबलावर.

"बघा," मावशी खुर्चीत टेकत म्हणाली, "म्हातारीचा काहीतरी उपयोग झाला."

सगळे हसले. छोट्या जरा जास्तच हसला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात सगळं ठरून गेलं.

कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी, अशी म्हण आहे. छोट्याच्या घरात रांगेपुरती मावशी झाली. शनिवारी दुपारी "आज कुठं जायचं?" या प्रश्नाच्या आधी बायको विचारायची, "मावशींना फोन केलास?" सूपवाला, मासेवाला, फुगेवाला, सगळीकडे मावशी पुढे आणि हे तिघं तिच्या मागे, चेहऱ्यावर असा काही सेवाभाव आणून की बघणाऱ्यानं कौतुक करावं. कौतुक करायचेही लोक. "आजकाल कोण नेतं हो म्हाताऱ्या माणसांना?" असं एक बाई एकदा म्हणाली, तेव्हा छोट्यानं मान खाली घातली. त्या बाईला वाटलं, काय विनयशील माणूस.

मावशीचं तर सोनं झालं. शुक्रवारीच तिचा फोन यायचा, "उद्या ते निळं घालू का रे?" जुने कपडे उसवून तिनं ते अंगासरसे करून घेतले. मोत्यांची कर्णफुलं कपाटातून बाहेर निघाली. इमारतीतल्या बायकांनी कुठे बोलावलं की ती म्हणायची, "शनिवारी नाही हं, शनिवार माझ्या छोट्याचा."

मुलीचा वाढदिवस मंगळवारी आला. मंगळवारी कुठल्याच हॉटेलात रांग नसते. तिघं गेले, केक कापला, जेवून आले, आणि मावशीला बोलवायचं राहिलं हे छोट्याला झोपताना आठवलं. शनिवारी त्यानं ओशाळून काहीतरी सबब सांगितली. मावशीनं ती पुरती ऐकूनही घेतली नाही. "अरे, मंगळवारी माझा पायच दुखत होता. बरंच झालं," असं म्हणून तिनं मुलीच्या हातात स्वतः शिवलेली पिशवी ठेवली. तेव्हाच त्याला लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण सूप गरम होतं, टेबल खिडकीजवळचं होतं, आणि भरल्या पोटी लाज फार वेळ टिकत नाही.

मग दुकानाच्या मालकांपुढे त्यानं नको ती फुशारकी मारली. मालक सांगत होते की मासेवाल्याकडे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा गर्दी बघून उपाशी परत आलो. छोट्याची जीभ सैल सुटली. "साहेब, तुम्ही शनिवारी वहिनींना घेऊन या. तिथं आपली ओळख आहे. रांगेत उभं राहावं लागणार नाही, ही माझी जबाबदारी."

शनिवारी मालक सपत्नीक हजर. मासेवाल्यापुढे कधी नव्हे एवढी गर्दी. कुणाच्या कडेवर रडणारं पोर, कुणी भिंतीला टेकून उभं. छोट्या निश्चिंत. मावशीनं फोनवर सांगितलं होतं, "आज मला आणायला येऊ नकोस. मी येते माझी माझी. गंमत आहे."

आणि गंमत कोपऱ्यावरून चालत आली. निळे कपडे, मोत्यांची कर्णफुलं, आणि दोन्ही हात मोकळे. काठी नाही. सावकाश पण ताठ, एकेक पाऊल मोजून टाकत, चेहरा असा फुललेला की रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. रोज सकाळी गच्चीवर व्यायाम करत होती म्हणे, कुणाला पत्ता लागू न देता.

मुलगी धावत जाऊन तिला बिलगली. बायको म्हणाली, "अगंबाई, मावशी!" आणि छोट्या, ज्याच्यासाठी ही सगळी गंमत होती तो छोट्या, म्हणाला, "काठी कुठंय?"

"घरी," मावशी म्हणाली. "दाराआड. आता राहू दे तिथंच." ती अजून हसत होती. त्यानं पुढे काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती.

दारावरच्या मेहुणीनंही तिला पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. "आजी! ठणठणीत झालात की! या, या. मग आता सगळ्यांसारखी घ्या चिठ्ठी. पाऊण तास तरी लागेल बघा."

मालकांनी घड्याळात पाहिलं. "काय रे, ओळख आहे म्हणाला होतास ना?"

छोट्याचे कान तापले. चारचौघांत नाक कापलं जाणार, हे एवढंच त्याला दिसत होतं. त्यानं मावशीला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं, फुटपाथवरच्या रिकाम्या क्रेटांपाशी. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, एक काम कर ना. आजच्या दिवस फक्त. थोडं लंगड."

मावशीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते कळताना छोट्यानं तिचा चेहरा पाहिला, आणि पाहिला नसता तर फार बरं झालं असतं. उसवलेली शिवण उजेडात धरून बघावी तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मागे उभ्या असलेल्या मालकांकडे पाहिलं, भाचेसुनेकडे पाहिलं. सून पर्सची चेन उघडझाप करत होती. सगळे शनिवार तिनं तिथल्या तिथं ओळीनं लावून पाहिले असणार, मंगळवारासकट.

"आजच्या दिवस?" तिनं विचारलं.

"हो. साहेब आलेत गं."

"बरं," मावशी म्हणाली. आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार टाकला, आणि पाय ओढत दाराकडे निघाली.

"अहो आजी, आत्ता तर..." मेहुणी म्हणाली.

"कसलं काय गं. उगाच मिजास केली. एकदम कळ आली बघ."

"तरी म्हटलं! सरका हो, आजींना वाट द्या!"

लोक सरकले. पोर कडेवर घेतलेला बापही सरकला. पाच पावलांची वाट, पण मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते छोट्याला त्या पाच पावलांत समजलं. 

आत मालक खुश. "दांडगी ओळख आहे रे तुझी!"

"आहेच," मावशी म्हणाली. "आता तर पुरती ओळख आहे." एवढंच. त्यानंतर तिनं एकही वाकडा शब्द काढला नाही. मालकीणबाईंना बाही कशी आखूड करायची ते सांगितलं, छोट्या लहानपणी किती हुशार होता ते सांगितलं, मुलीच्या माशातले काटे काढून दिले. छोट्या ताटातला मासा नुसता चिवडत होता. तिनं एकदा म्हटलंही, "खा रे, गार होतंय." या शब्दांपेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

जेवण झालं तरी दारातली रांग हललेली नव्हती. तीच माणसं, तोच बाप. छोट्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मावशीच्या आलं होतं. खुर्चीतून उठतानाच तिनं पुन्हा त्याचा खांदा धरला, आणि सगळ्यांच्या समोरून ती पाय ओढत बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत. कोपरा वळल्यावर हात काढून घेतला, कपडे सारखे केले आणि ताठ उभी राहिली.

"दुखतंय का गं खूप?" मुलीनं विचारलं.

"नाही, थांबलं आता," मावशी म्हणाली. "सोडायला येऊ नका. जाईन मी." आणि सावकाश, सरळ, ती गेली.

आठवडाभर छोट्या फोन करत होता. मावशी नेहमीसारखी बोलायची. नळाला पाणी कमी येतंय, शेजारणीचा जावई आलाय. "मावशी, त्या दिवशी..." असं तो म्हणाला की ती म्हणायची, "अरे, दूध उतू जाईल, ठेवते." दुकानात मालकांनी चारचौघांत त्याच्या ओळखीचं कौतुक केलं, तेव्हा त्याच्या हातातली काच निसटून फुटली.

बायकोला तो म्हणाला, "मी असं कसं बोललो गं?"

"बोललास तू," ती म्हणाली. "पण मी काय वेगळी होते? मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मावशी हो म्हणू देत."

शेवटी त्यानं ठरवलं. शनिवारी एकट्यानं जायचं, मावशीचे पाय धरायचे, आणि ती आली तर तिच्यासाठी एक खुर्ची मागून घ्यायची आणि आपण सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. तास लागो, दोन तास लागोत.

मावशीच्या इमारतीखालच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग, समोर चार पायांचा वॉकर. छोट्याला बघून ते उठायची खटपट करू लागले.

"तुम्हीच ना चष्मेवाले? मावशींचे भाचे?"

"हो. बसा, बसा. मावशी आहे ना घरी?"

"त्या कधीच गेल्या, मैत्रिणींबरोबर तळ्यापर्यंत चालायला." म्हाताऱ्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "मी तळमजल्यावरचा. घड्याळं दुरुस्त करायचो पूर्वी. मावशींनी सांगून ठेवलंय मला. म्हणाल्या, शनिवारी माझा भाचा येईल, तुम्ही तयार होऊन बसा. आता तुमच्याबरोबर मी यायचं."

छोट्या वॉकरकडे बघत राहिला.

"मी म्हटलं त्यांना, अहो, ओळख ना पाळख, त्यांना कशाला माझं लोढणं? तर म्हणाल्या, छे, माझ्या भाच्याचं तसं नाही. बरोबर कुणी वडीलधारं माणूस असल्याशिवाय त्याला जेवणच जात नाही." म्हातारे हसले. "बरं वाटलं हो ऐकून. माझी मुलं लांब असतात."

हा टोमणा होता की त्याची अब्रू राखणं होतं, छोट्याला ठरवता येईना. मावशीनं एकच वाक्य असं बेतलं होतं की त्याला ते कुठूनही उसवता येत नव्हतं. नाही म्हणायचं तर या इस्त्रीच्या शर्टाला कारण काय सांगायचं? आणि यांना रांगेत उभं करायचं? यांना तर बाकावरून उठवत नव्हतं.

त्यानं वॉकर पुढे सरकवला आणि त्यांना हात दिला.

"एक आधीच सांगतो हं," म्हातारे उभे राहत म्हणाले. "माझ्यामुळं तुम्हाला उशीर होईल."

"नाही होणार," छोट्या म्हणाला. ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच त्याला मान वर करता येईना.