फौजदार शहाणा झाला तेव्हा

दारामागच्या खुंटीला लटकलेला, रंग उडालेला तांबडा पट्टा दिसतोय ना? तोच मी. गळ्यातला नव्हे हं, फिरायला नेण्याचा. एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला माणूस, मधे मी.

मित्रांनो, या घरातल्या दादाने मला दुकानातून आणलं आणि माझ्या कडीला फौजदाराला अडकवलं. नाव असं की चोराने पळावं आणि स्वभाव असा की मांजर दिसलं की हाच दादाच्या पायांत! पण दाराशी आलेल्या प्रत्येकाची झडती घ्यायचा, म्हणून फौजदार. रोज संध्याकाळी दादा माझी कडी भिंतीवर वाजवायचा. खण्ण! की हा सोफ्यावरून, झोपलेल्या बाबांच्या पोटावरून उडी मारून हजर. काय ओढायचा मला! माझे टाके उसवायचे, मग आई बडबडत शिवून द्यायची.

मग दादा नोकरीसाठी दूर गेला. मी खुंटीवरच राहिलो.

आणि फौजदार शहाणा झाला. असं घरचे म्हणाले, मी नाही. कुरिअरवाला आला तरी भुंकणं नाही. चपला जागच्या जागी. जेवण अर्धं टाकायचा, तर बाबा म्हणाले, बरंच झालं, पोट सुटलं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, याला कुठल्या शिकवणीला घातलंत, आमच्या चिरंजीवांनाही धाडते. आई खूश. फाटकापर्यंत त्याला मोकळंच नेऊन आणायची. ओढत नाही, मग पट्टा कशाला?

मी मात्र बघत होतो. दादाच्या खोलीच्या उंबऱ्यावर तो दिवसभर पडून असायचा. जिन्यात पाऊल वाजलं की कान वर. दादाचं नाही हे कळलं की खाली. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण पट्ट्याला कडी असते, जीभ नसते.

एकदा दादाच्या धाकट्या बहिणीने शाळेतून आल्या आल्या मला काढून भिंतीवर वाजवलं. खण्ण! फौजदाराने दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मान परत पंजांवर ठेवली. धाकटी तिथेच बसली.

"आई, हा शहाणा नाही झाला गं. ह्याचं कशात मनच नाहीये."

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी दात, पोट, रक्त, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. आई कौतुकाने सांगत होती, किती गुणी झालाय, त्रास म्हणून नाही.

"ताई," बाई हळूच म्हणाल्या, "ज्याला तुम्ही गुण म्हणताय ना, तेच ह्याचं दुखणं आहे. कुत्र्याचंही मन खचतं."

रोज ठरल्या वेळी फिरवा, खेळा, एकटं पाडू नका, असं त्यांनी बजावलं. त्या संध्याकाळी आईने मला स्वतः खाली काढलं. कितीतरी दिवस तो माझ्या टोकाला नुसता लोंबत चालला. आईही दादाच्याच रस्त्याने न्यायची. आम्हा तिघांना एकच माणूस हवा होता.

मित्रांनो, तुमचा खोडकर कुत्रा एकाएकी गुणी झाला तर शाबासकी देऊ नका. जवळ बसा. जेवला का, खेळला का, बघा. डॉक्टरांना दाखवा. त्याला सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्यांना तर कोणी विचारतच नाही.

परवा शिंप्याच्या दुकानापाशी मला अचानक हिसका बसला. माझा एक टाका तटकन तुटला. दादा जिथून गेला त्या बसथांब्यावर बस येऊन थांबली होती, आणि फौजदार तिकडे धावत सुटला होता. बसमधून दादा उतरला नाही. तरी तो शेपटी हलवत पुढच्या बसची वाट बघत उभा राहिला.

आईने डोळे पुसले. "ओढ रे बाळा," ती म्हणाली, "टाके मी घालीन."